जर्मन धिरडं

रतनला एक खोली हवी होती. चार पावलांत संपणारी असली तरी चालली असती, पण तिला आतून कडी हवी होती आणि ती कडी लावायचा हक्क रतनचा हवा होता. एवढंच तिचं मागणं होतं, आणि एवढंच कुणी तिला देत नव्हतं.

पळसदेवला भीमेच्या काठी तिचं सासर. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. दुसरीचा पाळणा हलला तसं त्यानं रतनला एका सकाळी गाडीत बसवून माहेरी पाठवून दिलं. गाडीवानानं तिला बारामती-इंदापूर रस्त्यावर फाट्याला उतरवलं आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता बैल माघारी वळवले. तेव्हापासून ती भावाच्या घरात होती. भाऊ सिद्धू सज्जन, म्हणजे बायकोपुढे तोंड न उघडणारा. घर चालायचं ते भावजयीच्या, द्वारकेच्या तंत्रानं.

द्वारका काही कैदाशीण नव्हती. मारत नव्हती, उपाशी ठेवत नव्हती. पण भाकरी वाढताना एक सुस्कारा असा टाकायची, की समोरच्याचा घास घशातच अडकावा. तो सुस्कारा रतनच्या वाट्याला यायचा तसा सासूच्याही वाट्याला यायचा. रतनची आई दगडाबाई म्हातारी झाली होती, विधवा होती, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मायलेकी एका कोपऱ्यात बसून जेवायच्या आणि जेवण झालं की खरकटं उचलायच्या आधी द्वारकेच्या तोंडाकडे बघायच्या.

त्याच सुमाराला नीरेच्या कालव्याकाठच्या माळावर साखर कारखाना उभा राहायला लागला. ऊसवाल्या शेतकऱ्यांनी शेअर घेऊन काढलेला, सहकारी. चेअरमन होते आबासाहेब. यंत्रं जर्मनीहून आली आणि ती जोडून द्यायला एक जर्मन साहेब बायकोसकट येऊन राहिला. त्यांच्यासाठी बंगला बांधला, विहिरीवर इंजिन बसवलं, सगळं झालं, पण बंगल्यावर रांधायला बाई मिळेना. अंडी फोडायची, कोंबडीची भांडी घासायची, कोण जाणार? सगळ्यांनी नाकं मुरडली. रतन गेली. टाकलेल्या बाईला गावानं नावं ठेवायची अशी काय बाकी राहिली होती?

घरात मात्र याची फार पंचाईत होती. दगडाबाई माळकरी. अंड्याचं नाव जरी निघालं तरी ती पदर नाकाला लावायची. बंगल्यावरून आल्यावर रतन मागच्या दारी आंघोळ करायची, लुगडं बदलायची आणि मगच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची. तिथं आपण काय शिजवतो, कसं शिजवतो, याबद्दल तिनं घरात कधी अवाक्षर काढलं नाही. द्वारकेला पगाराशी मतलब होता आणि आईला ऐकायचंच नव्हतं. मग सांगायचं कुणाला?

सांगण्यासारखं मात्र पुष्कळ होतं. साहेबाच्या बायकोचं नाव हिल्डा, सगळे तिला हिल्डाबाई म्हणत. तिनं कारखान्याच्या वर्कशॉपमधून जाड पत्र्याची एक भट्टी करवून घेतली होती. खाली विस्तवाची जागा, तिला एक लहान दार. वर पेटीसारखी पोकळी, तिला मोठं दार आणि कडी. डोक्यावर निखारे ठेवायला कड काढलेली. या भट्टीत ती सकाळच्या न्याहारीला एक पदार्थ करायची. त्याचं नाव रतनच्या जिभेला कधी वळलं नाही. ती त्याला जर्मन धिरडं म्हणायची.

करायला सोपं होतं. बिडाची पसरट कढई रिकामीच भट्टीत तापत ठेवायची. तोवर अंडी फेटायची, त्यात दूध, मैदा, चिमूट मीठ घालून गुठळी राहणार नाही असं सैलसर पीठ करायचं. तापल्या कढईत लोण्याचा गोळा टाकायचा, तो चर्र झाला की पीठ ओतायचं आणि दार लावायचं. बस. मग आत ते धिरडं आपोआप फुगायला लागायचं. कडा कढईबाहेर चढायच्या, मधे डोंगर यायचे, वरून सोनेरी रंग धरायचा. पण तोवर दार उघडायचं नाही. हिल्डाबाईला मराठी येत नव्हतं, रतनला जर्मन येत नव्हतं. पहिल्या दिवशी रतनचा हात कडीकडे गेला तेव्हा बाईनं तो हळूच बाजूला केला, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम दार उघडून दाखवलं. गार वारा आत शिरला आणि वर चढत आलेलं धिरडं रतनच्या डोळ्यांदेखत खाली बसलं. पुन्हा दार लावूनही ते काही धड उठलं नाही. तेव्हापासून रतन भट्टीसमोर पाटावर बसायची आणि लोण्याचा खमंग वास बदलला की मगच कडी काढायची. बाई त्यावर लिंबू पिळून साखर भुरभुरायची, त्याऐवजी रतननं एकदा काकवी ओतून दिली. बाईनं ताट चाटूनपुसून खाल्लं. त्या दिवशी रतन वाटेनं गाणं गुणगुणत घरी निघाली, आणि घर दिसायला लागल्यावर तिनं ते थांबवलं.

एकदा आबासाहेब सकाळीच साहेबाकडे कामासाठी आले आणि त्यांनी ते फुगलेलं धिरडं भट्टीतून बाहेर येताना पाहिलं. माणूस चेअरमन असला तरी आत कुठंतरी जत्रेतला पोरच असतो. त्यांनी टाळी वाजवली. गावभर सांगत सुटले की आपल्या बंगल्यावर टोपलीएवढं फुगणारं धिरडं होतं आणि ते आपल्याच गावची बाई करते. ऐकणाऱ्यांना खरं वाटेना, तसा त्यांना आणखी चेव यायचा.

दसरा झाला. कारखाना सुरू व्हायची वेळ आली. बॉयलर पेटवायच्या समारंभाला जर्मनीच्या कंपनीचा मोठा साहेब येणार होता. तो एक मुक्काम करून जाणार आणि त्याच्यामागून महिन्याभरात हिल्डाबाई आणि तिचा नवरा देशी परतणार. पुढं या बंगल्याचं कारखान्याचं गेस्ट हाऊस होणार होतं आणि तिथं कायमचं माणूस लागणार होतं. ऑफिसातले मोहनराव पुण्याला शिकलेले. पांढरा कोट घालणारा एक पुण्याचा खानसामा त्यांच्या मनात भरला होता. रतनचं लुगडं गेस्ट हाऊसला शोभत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी रतनला ऐकू जाईल असं सांगितलंही होतं. आबासाहेबांनी मात्र तिला बोलावून घेतलं.

"मोठा साहेब येतोय. त्याच्या आन् समद्या डायरेक्टरांच्या म्होरं ते फुगलेलं आलं पायजे," ते म्हणाले. "आलं, तर सैपाकघरामागची खोली तुझी. आईलाबी घिऊन ये."

त्या रात्री रतनला झोप लागली नाही, हे सांगायला नको. तिनं आईला सांगितलं, चूकच केली म्हणा, आणि दगडाबाई हरखून गेली. जन्मभर गिळलेलं सगळं तिच्या तोंडावर आलं.

बॉयलरच्या समारंभाला दगडाबाईही गेली होती. बायकांच्या घोळक्यात उभी राहून तिनं सगळं डोळे ताणून पाहिलं. आबासाहेब आणि त्यांची बायको लीलाबाई गाठ बांधून पूजेला बसली. त्या लोखंडी धुडाला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला, आणि मग आबासाहेबांनी बॉयलरच्या तोंडातल्या विस्तवात तुपाची धार धरून गुळाचा खडा टाकला. मोठ्या साहेबानंही त्यांच्यासारखेच हात जोडले. दगडाबाईला हे फार पटलं. तिच्या घरात पहिल्या भाकरीचा तुकडा चुलीला गेल्याशिवाय माणसाला मिळत नसे, आणि इथं एवढी मोठी माणसं तेच करत होती. प्रसादाचा गूळ तिनं खाल्ला नाही, पदराच्या गाठीला बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मायलेकी निघाल्या तेव्हा दगडाबाईनं आपलं गाठोडं बरोबर घेतलं. रतन म्हणाली, आधी काम तर होऊ दे. म्हातारी ऐकते कुठली! दारात उभ्या असलेल्या सुनेला तिनं तोंडावर सांगितलं की आता तुझ्या दाराला मी पाय लावायची नाही, लेकीच्या खोलीत मीठ-भाकर खाईन पण तुझे सुस्कारे ऐकायची नाही.  द्वारकेनं अंगणातलं शेण गोळा करायला घेतलं.

बंगल्यावर पोचल्यावर दगडाबाईनं आधी ती खोली पाहिली. भिंतींना हात लावून पाहिला. जातं कुठं मांडायचं, देव कुठं ठेवायचे, हे ठरवूनसुद्धा टाकलं. मग स्वयंपाकघराच्या बाहेर पडवीत, अंड्यांच्या वासापासून लांब, ती माळ ओढत बसली. रतनला तिच्याकडे बघून एकदम भरून आलं. आईला असं ताठ बसलेलं तिनं किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

भट्टी चांगली धगधगली. पीठ मनासारखं झालं. मोहनरावांनी टेबल भरलेलं दिसावं म्हणून उरलेली सगळी अंडी उकडायला लावून आधीच बाहेर नेली होती. रतननं लोणी टाकलं, पीठ ओतलं, दार लावलं, कडी घातली आणि पाटावर बसली. आता तिला कुणी हलवू नये, एवढीच तिची इच्छा होती.

तेवढ्यात मोहनराव आले. आबासाहेबांना मोठ्या साहेबासमोर तिची ओळख करून द्यायची होती. आत्ताच. रतननं सांगून पाहिलं, भट्टीत आहे, सोडून येता येत नाही, झाल्यावर येते. मोहनरावांनी भुवया चढवल्या आणि साहेबानं काय ताटकळत बसायचं का, असं विचारलं. रतन उठली. पडवीच्या दाराशी जाऊन आईला म्हणाली, "आये, मी आलेच. कुनालाबी आत यिऊ दिऊ नको." दगडाबाईनं मान हलवली.

दिवाणखान्यात टेबलाभोवती डायरेक्टर लोक नव्या टोप्या घालून बसले होते. अर्धे माळकरी. ते उकडलेल्या अंड्यांकडे साप बघावा तसे बघत होते. रतन हात जोडून भिंतीशी उभी राहिली. आबासाहेब उठले आणि बोलायला लागले. ही आमच्या गावची लेक, सहकाराचं हे असं आहे, बाई असो की बापय, ज्याच्या हातात कसब त्याला इथं मान. मोहनराव त्याचं इंग्रजी करत होते आणि हिल्डाबाईचा नवरा त्याचं जर्मन करत होता. एकेक वाक्य तीन तीन भाषांतून फिरून येत होतं. रतनचा जीव सगळा नाकात गोळा झाला होता. वास येत होता, वाढत होता. हिल्डाबाईनं डोळ्यांनी तिला खूण केली, जा, जा. पण चेअरमन आपलं कौतुक करत असताना पाठ कशी फिरवायची? ती उभी राहिली.

इकडे दगडाबाईनं राखण इमानानं केली. कुणाला आत येऊ दिलं नाही. पण बसल्या बसल्या तिच्या मनात आलं की लेकीनं एवढी मोठी भट्टी पेटवली आणि तिला घास काही टाकला नाही. आजच्या दिवशी, एवढ्या मोठ्या कामाच्या वेळी. म्हणून ती उठली. नाकाला पदर लावला, अंड्यांच्या टरफलांवरून पाय उचलून टाकत भट्टीशी आली. खालचं विस्तवाचं दार लहान आणि काळं, ते तिच्या अधू डोळ्यांना दिसलंच नाही. तिनं वरच्या मोठ्या दाराची कडी पदरानं धरून काढली, गाठीचा गूळ आत टाकला आणि दार सताड उघडं ठेवून हात जोडले. माझ्या लेकीला खोली मिळू दे. पोर फार सोसून आहे. पळसदेवपासून सगळं तिनं अग्नीला सांगितलं. मग दार लोटलं, पण कडी पोळली म्हणून ती घातली नाही, आणि दार हातभर उघडंच राहिलं.

रतन धावत आली तेव्हा आई भट्टीजवळच उभी होती. तिचा चेहरा उजळला होता.

"घातला गं घास," ती म्हणाली. "काल त्या मोठ्या भट्टीला आबासायबांनी घातला. हिला कोन घालनार? म्हनलं, मी हाय की."

रतननं दार उघडलं. धिरडं कढईच्या तळाशी बसलं होतं. एका बाजूला थोडी कड वर आलेली, बाकी सगळं सपाट, आणि मधोमध गुळाचा खडा जळून काळा डाग पडलेला. तिला ओरडावंसं वाटलं. आईला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण बाहेर माणसं वाट बघत होती आणि अंडं एकही उरलं नव्हतं. तिनं सुरीनं काळा डाग खरवडून काढला, वर काकवी ओतली आणि कढई धरून बाहेर गेली.

आबासाहेब मान उंच करून बघत होते. कढई टेबलावर आली आणि त्यांची मान हळूहळू खाली आली. झुंबरराव म्हणून एक डायरेक्टर होते, त्यांचं आणि आबासाहेबांचं जुनं वाकडं. ते म्हणाले, "आबासायेब, ही असली धिरडी आमच्या घरला म्हातारी करतीया की." टेबल हसलं. सगळ्यांत जोरात मोहनराव हसले.

मोठा साहेब मात्र खात होता. त्यानं आपलं संपवलं, दुसऱ्यांदा घेतलं, बोटानं काकवी पुसून खाल्ली. त्याच्या लेखी हे घरचं खाणं होतं आणि ते बसलं काय, फुगलं काय, त्याला त्याचं काहीच नव्हतं. भट्टीतून काढल्यावर थोड्या वेळानं ते बसतंच. हिल्डाबाई मोहनरावांना इंग्रजीत कितीतरी वेळ काहीतरी सांगत होती, मधे मधे रतनकडे हात करत होती. आबासाहेबांनी विचारलं, काय म्हणतात? मोहनराव म्हणाले, छान झालं म्हणतात. एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंसं मराठी झालं. रतनला ते कळलं, पण कळून करायचं काय होतं?

पाहुणे उठल्यावर आबासाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी आले. रागावले नव्हते, ते तर आणखी वाईट होतं.

"चारचौघांत माझं तोंड पाडलंस, रतन," ते म्हणाले. "त्या झुंबररावाच्या म्होरं."

रतनला सांगता आलं असतं. माझ्या आईनं भट्टीला नैवेद्य दाखवला, काल तुम्ही दाखवलात तसाच. कदाचित आबासाहेबांना पटलंही असतं. पण मोहनराव मागं उभे होते, आणि ही गोष्ट संध्याकाळच्या आत बारामतीपासून इंदापुरापर्यंत हसण्याला झाली असती. दगडाबाई पडवीत बसून सगळं ऐकत होती. रतन म्हणाली, आज माझं ध्यान नव्हतं, चुकलं. आबासाहेब मान हलवत गेले. मोहनरावांनी जाता जाता सांगितलं, पुण्याच्या माणसाला निरोप धाडतो, मागची खोली झाडून ठेव.

तिनं ती खोली झाडली. कढई घासली. आईचं गाठोडं उचललं आणि दोघी कालव्याच्या कडेनं घरी निघाल्या.

दगडाबाईला अजून पुरतं उमगलं नव्हतं. साहेबानं सगळं खाल्लं होतं ना? मग? खोली आज नाही तर उद्या मिळेल, देवाच्या कानावर घातलंय. ती बोलत राहिली आणि रतनच्या डोक्यात कढ येत राहिला. माणसांपुढे जे गिळलं ते तिला आईपुढे गिळता आलं नाही.

"आये, तू दार उघडलंस म्हनून ते बसलं. तुझ्यामुळं गेली खोली."

दगडाबाई थांबली. कालव्याचं पाणी भरून चाललं होतं. तिनं दोन्ही हातांनी काठी धरली.

"मला काय ठावं? येवढ्या दिसांत तू मला कदी येका सबदानं सांगितलंस का?"

रतननं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं आणि ती चालू लागली.   रतन पुढं, म्हातारी मागं. वाट जसजशी सरत आली तसतशी म्हातारीची पावलं जड व्हायला लागली. सकाळी सुनेला आपण काय काय बोललो ते तिला एकेक करून आठवत असणार, हे रतनला मागं न बघताच कळत होतं. तिला आईची कीवही आली. पण राग अजून मोठा होता, म्हणून ती थांबली नाही.

द्वारका अंगणात दाणे पाखडत होती. दोघींना आणि गाठोड्याला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"का वो आत्याबाई, खोली न्हाय आवडली व्हय?"

रतन बोलायला तोंड उघडणार, तोच दगडाबाई पुढं झाली. सकाळचा तो ताठा कुठल्या कुठं गेला होता. खांदे पडले होते, आवाज बारीक झाला होता.

"हिच्या हाताला काय येतंय गं?" ती सुनेला म्हणाली. "समद्या मोठ्या मान्सांम्होरं वाटोळं करून ठेवलं. हिच्या नादी लागून मी तुला वंगाळ बोलले, द्वारके. मनात धरू नको. माझं काय ते हितंच."

रतन आईकडे बघत राहिली. दगडाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती सुनेच्या तोंडाकडे बघत होती. तासाभरापूर्वी रतननं जिला चेअरमनपुढं झाकलं होतं, तिनं आता लेकीला उघडं करून सुनेच्या पायाशी टाकलं होतं. आणि दुसरं ती काय करणार होती? तिला उरलेला जन्म याच चुलीवरचं खायचं होतं. लेकीजवळ द्यायला खोली नव्हती.

द्वारकेनं सासूकडे बघितलं, मग नणंदेकडे. "खरं का वन्सं?" तिनं विचारलं.

"व्हय," रतन म्हणाली. "माझ्याच हातनं बिघडलं."

मग द्वारका उठली, नणंदेच्या हातातून गाठोडं घेतलं आणि सासूला आत नेऊन बसवलं. "जेवा आत्याबाई," ती म्हणाली आणि ताट मांडलं. एकच ताट. दगडाबाई मान खाली घालून भराभर जेवायला लागली. रतन बंगल्यावरून आली होती, तिची आंघोळ व्हायची होती. ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली.